बर्फ थांबल्यानंतरचे दोन दिवस

परभणीत कडाक्याची थंडी पडली की शेकोटीभोवती एक वाक्य हमखास ऐकू येते, "उत्तरेत बर्फ पडलाय." दुसऱ्या दिवशी कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेतला आकडा वर्तमानपत्रात छापून येतो आणि उन्हाळ्यात होरपळून निघणारा हा जिल्हा राज्यातल्या सर्वांत गार ठिकाणांच्या यादीत जाऊन बसतो. शेकोटीवरचे ते वाक्य बोलणाऱ्याला माहीत नसले तरी ते बरेचसे शास्त्राला धरून आहे. हिवाळ्यात भूमध्य समुद्राच्या बाजूने सरकत येणारे पश्चिमी विक्षोभ काश्मीर आणि हिमाचलावर बर्फ टाकतात. ते पुढे गेले आणि आकाश निवळले, की तिकडची कोरडी थंड हवा खाली उतरत उतरत थेट गोदाकाठापर्यंत येते. हेच विक्षोभ फेब्रुवारी-मार्चमध्ये समुद्रावरून आलेल्या दमट हवेला भेटले, तर मराठवाड्यात गारपीट होते. २०१४ सालची गारपीट इथला शेतकरी अजून विसरलेला नाही.

उत्तरेतल्या बर्फाशी आपला संबंध एवढाच, असे आपण धरून चाललो होतो. जानेवारी २०१७ च्या अखेरीस तो वेगळ्याच वाटेने दारात आला.

त्या आठवड्यात काश्मीरमध्ये जोरदार हिमवृष्टी झाली होती. २५ जानेवारीला गुरेझ भागात लष्कराच्या ठाण्यावर आणि गस्तीच्या तुकडीवर बर्फाचे लोंढे कोसळले आणि १४ जवान गेले. त्यांत अकोला जिल्ह्यातलेही दोघे होते. तीन दिवसांनी, शनिवारी २८ जानेवारीला, कुपवाडा जिल्ह्यातल्या माछिल भागात बर्फाने झाकलेली वाट खचली आणि पाच जवान तिच्याखाली गाडले गेले. सहकाऱ्यांनी त्यांना बाहेर काढले. पाचही जण जिवंत होते. पण हवा इतकी वाईट होती, की त्यांना इस्पितळात हलवण्यासाठी हेलिकॉप्टर उडू शकत नव्हते. सोमवारी, ३० तारखेला, त्यांना श्रीनगरला नेण्यात आले आणि त्याच दिवशी पाचही जणांचा मृत्यू झाल्याचे जाहीर झाले. पाचांपैकी तिघे महाराष्ट्राचे होते. एक साताऱ्याचा, एक सांगलीचा आणि एक परभणी जिल्ह्याचा, बालाजी अंभोरे.

ज्या जिल्ह्यात बर्फ म्हटले की रसवंतीवरची लादी आठवते, त्या जिल्ह्याचा मुलगा बर्फाखाली सापडून गेला. आपण हळहळलो, मानवंदना दिली आणि पुढे कामाला लागलो. पण बर्फाच्या ज्या स्वभावामुळे ही माणसे गेली, तो स्वभाव समजून घ्यायचे मात्र राहूनच गेले. आता तर ते जास्त निकडीचे झाले आहे, कारण आज उत्तरेतल्या बर्फात फक्त जवान जात नाहीत. परभणीच्या फलाटावरून सचखंड एक्स्प्रेसमध्ये बसून सुट्टीला मनालीला, काश्मीरला निघालेली कुटुंबे आहेत, आणि पाठीवर पिशवी टाकून हिवाळी ट्रेकला जाणारी महाविद्यालयातली मुलेही आहेत.

ज्वारीची रास आणि बर्फाचे थर

हिमस्खलन म्हणजे डोंगरावरचा बर्फ सुटून खाली येणे. पण तो सुटतो का, आणि नेमका केव्हा? हे कळायला हिमालयात जावे लागत नाही. खळ्यावर ज्वारीची रास घालताना पाहिलेल्या कोणालाही त्यातला अर्धा भाग माहीत असतो. वरून पाटी रिकामी करावी तशी रास उंच होत जाते. तिचा उतार एका ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की दाणे घरंगळतात आणि रास पुन्हा आपल्या उतारावर येऊन बसते. कोरडा, भुसभुशीत, ताजा बर्फही असाच एका बिंदूपासून सुटतो आणि खाली पसरत जातो. हा प्रकार डोळ्यांना दिसतो आणि बहुतेक वेळा त्यातून निभावता येते.

माणसे घेणारा प्रकार दुसरा आहे. बर्फ एकदाच पडत नाही, महिनोन्‌महिने थराथराने पडतो आणि प्रत्येक थराची जात वेगळी असते. कुठला थर वाऱ्याने दाबून घट्ट केलेला असतो, कुठला उन्हाने वितळून पुन्हा गोठलेला. काही थर दगाबाज असतात. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ थोडाच पडला आणि मग निरभ्र, कडक थंडीच्या रात्री आल्या, तर जमिनीलगतच्या बर्फाचे रूप पालटते. जमीन त्या मानाने उबदार, वरची हवा गोठलेली. या फरकामुळे आतली वाफ वर सरकते आणि खालच्या बर्फाचे जाड साखरेसारखे सुटे दाणे तयार होतात. मुठीत घेतले तरी त्यांचा गोळा होत नाही. आता या साखरेवर मोठ्या वादळाने दोन-तीन फूट नवा बर्फ टाकला आणि वाऱ्याने तो चापून बसवला, असे समजा. तिरप्या पाटावर साखर पसरून वर शहाबादी फरशी ठेवली, तर काय होईल? फरशी काही वेळ जागेवर राहीलही. मग कुठेतरी जरा धक्का बसेल आणि ती सगळीच्या सगळी एकदम सुटेल.

डोंगरावर त्या फरशीची लांबी शेकडो फूट असते आणि धक्का देणारा बहुतेक वेळा माणूस असतो. पाश्चात्त्य देशांत हौसेने बर्फात जाणाऱ्यांच्या अपघातांच्या नोंदी सांगतात, की दहापैकी सुमारे नऊ प्रसंगांत ज्यांच्यावर बर्फ कोसळला, त्यांनी किंवा त्यांच्याच सोबत्याने तो सोडवलेला होता. माणूस फरशीच्या मधोमध उभा असतो, पायाखालचा कच्चा थर दबतो, भेग डोक्याच्या वरच्या बाजूला पडते आणि पायाखालचा डोंगरच चालू लागतो. कोरड्या बर्फाची अशी फरशी सुटली, की काही सेकंदांत तिचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या घरात जातो. तिच्यापुढे धावून सुटणे कुणालाही जमत नाही.

यात उताराला फार महत्त्व आहे. फार सपाट उतारावर बर्फ सुटत नाही आणि फार उभ्या कड्यावर तो साठतच नाही, पडता पडताच झडून जातो. धोका मधल्या पट्ट्यात, साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर असतो. तो पाहायला फारसा भयंकर दिसत नाही, आणि घसरगुंडी खेळायला माणसाला नेमका तेवढाच उतार आवडतो.

वादळ निवळले म्हणजे धोका टळला?

आपल्याकडे पाऊस थांबला, ऊन पडले, की संकट ओसरले असे मानायची सवय आहे. नदीचा पूरही पाऊस थांबल्यावर काही तासांनी येतो, हे गोदाकाठच्या माणसाला अनुभवाने ठाऊक असते, तरी ती सवय जात नाही. बर्फाच्या बाबतीत तिच्यामुळे जीव जातो. हिमवादळ चालू असताना आणि ते थांबल्यानंतरचे पहिले एक-दोन दिवस, हाच काळ सर्वांत वाईट असतो. नव्या बर्फाचे ओझे जुन्या थरांवर नुकतेच पडलेले असते. ते पेलायला, एकमेकांत मुरायला थरांना वेळ लागतो. कच्चा थर खोल दडलेला असेल, तर धोका आठवडाभर, कधी त्याहून जास्त टिकतो.

त्यात वाऱ्याची करणी वेगळी. वादळातला वारा डोंगराच्या एका अंगाचा बर्फ उचलतो आणि धारेपलीकडे, आडोशाच्या अंगाला नेऊन टाकतो. आकाशातून पडणाऱ्या बर्फाच्या दसपट वेगाने वारा तिथे बर्फ साठवू शकतो. त्यामुळे गावात वीतभरच बर्फ पडला म्हणून निर्धास्त झालेल्या माणसाला वर धारेखाली पुरुषभर साठलेला बर्फ दिसतच नाही. धारेच्या टोकावर तर पागोळीसारखे बाहेर झुकलेले बर्फाचे छज्जे तयार होतात. खाली आधार काही नसतो. वरून चालणाऱ्याला ती पक्की जमीन वाटते.

मग तिसऱ्या दिवशी सकाळी आकाश निळेभोर होते. ऊन पडते. झाडे, छपरे, डोंगर असे काही चमकू लागतात, की हॉटेलात दोन दिवस कोंडलेला माणूस मुलाबाळांना घेऊन बाहेर धावतो. फोटोतला सर्वांत सुंदर दिवस आणि हिमस्खलनाचा सर्वांत धोक्याचा दिवस पुष्कळदा एकच असतो. दुपारच्या उन्हाने वरचा थर ओला आणि जड होतो, दाण्यांमधली पकड सुटते आणि सकाळपर्यंत धरून बसलेला उतार दुपारी सोडून देतो.

४ एप्रिल २०२३ ची गोष्ट आहे. गंगटोकहून नथू ला खिंडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पंधराव्या मैलाजवळ, भर दुपारी पर्यटकांवर बर्फ कोसळला. सात जणांचा जीव गेला, वीसहून अधिक लोकांना बाहेर काढण्यात आले. पर्यटकांना तेराव्या मैलापर्यंतच जाण्याची परवानगी होती, ते त्यापुढे गेले होते, असे अधिकाऱ्यांनी सांगितले. दोन मैलांचा फरक. त्यांतले कोणीही गिर्यारोहक नव्हते. बर्फ पाहायला, बर्फात खेळायला गेलेली, तुमच्या-आमच्यासारखी माणसे होती.

पण फक्त अजाण माणसेच सापडतात असेही नाही. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेची तुकडी द्रौपदी का डांडा शिखराकडे चढत असताना हिमस्खलनात सापडली आणि प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी मिळून किमान २७ जण गेले. डोंगर शिकायला आणि शिकवायला गेलेली ती माणसे होती. बर्फाला कुणाचा अनुभव, कुणाची पदवी कळत नाही, असे जाणते गिर्यारोहक म्हणतात ते यासाठीच.

पेवातला अंधार

बर्फाखाली नेमके काय होते, हे समजायला मराठवाड्याची एक जुनी गोष्ट उपयोगी पडते. ज्वारी साठवण्यासाठी जमिनीत खोदलेली पेवे पूर्वी गावोगाव होती. पेव उघडल्यावर त्यात लगेच कुणी उतरत नसे. तोंड उघडे ठेवून हवा जाऊ देत आणि मग कंदील खाली सोडून पाहत. तो विझला तर आत उतरायचे नाही. धान्याच्या श्वसनाने आतला प्राणवायू संपलेला असे, आणि घाई करणारा माणूस वर दोर धरून उभ्या असलेल्यांच्या डोळ्यांदेखत कोसळे.

बर्फात गाडलेल्या माणसाचे बहुतांशी हेच होते. कोसळताना झाडाखडकांवर आपटून काही जण जागीच जातात. उरलेल्यांना मारते ती हवा. बर्फात हवा असते, पण माणसाच्या उष्ण श्वासाने तोंडापुढचा बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो आणि चेहऱ्यावर बर्फाचा मुखवटा चढतो. आपणच सोडलेली हवा आपण पुन्हा पुन्हा घेऊ लागतो. स्वित्झर्लंडमधल्या नोंदींवरून १९९४ साली 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने याचे वेळापत्रकच मांडले. पूर्ण गाडल्या गेलेल्यांपैकी पहिल्या १५ मिनिटांपर्यंत १०० पैकी ९२ जण जिवंत असतात. ३५ मिनिटांनंतर उरतात फक्त ३०. पुढच्या अभ्यासांनी तर पहिली मुदत १५ वरून १० मिनिटांच्या आसपास आणून ठेवली आहे.

याचा अर्थ सरळ आहे. पोलीस, लष्कर, हेलिकॉप्टर हे सगळे येईपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो. वाचवणार तो शेजारी उभा असलेला सोबती, आणि तोही त्याच्याजवळ साधने असतील तरच. लोंढा थांबला, की तो बर्फ सिमेंटसारखा आवळतो. ताजा बर्फ घनमीटरला पन्नास-शंभर किलोचा असतो, तर कोसळून थांबलेला तीनशे ते पाचशे किलोचा. मीटरभर खाली अडकलेल्या माणसापर्यंत पोहोचायला टनभर आणि त्याहूनही जास्त बर्फ उपसावा लागतो. नुसत्या हातांनी हे होत नाही. गाडल्या गेलेल्याला तर बोटही हलवता येत नाही.

याला अपवाद घडतात, आणि त्यांचीच आठवण राहते. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमध्ये १९,६०० फुटांवरच्या सोनम चौकीवर बर्फाची भिंत कोसळून दहा जवान गाडले गेले. त्यांत साताऱ्याच्या माण तालुक्यातले सुनील सूर्यवंशी होते. सहा दिवसांनी कर्नाटकातले लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद जिवंत सापडले आणि सारा देश थरारला. तीन दिवसांनी, ११ फेब्रुवारीला, दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी बद्रीनाथजवळ माणा इथे सीमा रस्ते संघटनेच्या कामावरचे ५४ मजूर बर्फाखाली सापडले, त्यांतले ४६ वाचले. ते लोखंडी कंटेनरमध्ये राहत होते. कंटेनर फेकले गेले, चेपले, तरी आत श्वास घेण्यापुरती हवा राहिली. आठ जण मात्र गेले. या साऱ्यांतला धागा एकच आहे. ज्याच्या नाकापुढे पोकळी राहिली त्याला वेळ मिळाला, इतरांना मिळाला नाही.

आणि माछिलचे पाच जण? ते तर बाहेर निघाले होते. थंडीने गारठलेल्या शरीराचा धोका उपसून काढल्यावर संपत नाही. हृदय अशा वेळी फार नाजूक झालेले असते, त्याला जपून, हळूहळू ऊब आणि चांगले इस्पितळ लागते. इस्पितळ होते, पण मध्ये तेच हवामान आडवे उभे होते ज्याने बर्फ टाकला होता. बर्फात सापडणे आणि मदत न पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, पण हिमवादळानंतर त्या बहुतेक वेळा जोडीनेच येतात. जायचे की नाही हे ठरवताना सुटकेचा हिशेब धरायचाच नसतो, तो यासाठी.

बर्फात जायचेच असेल तर

मग जाऊच नये का? असे कोणी म्हणत नाही. जे देश बर्फातच राहतात, त्यांनी अनुभवाने काही रीत घालून दिली आहे. ती अवघड नाही, फक्त पाळायला धीर लागतो.

पहिली गोष्ट, निघण्यापूर्वी इशारा पाहावा. आपल्याकडे १९६९ साली मनालीला हिम आणि हिमस्खलन अभ्यास संस्था सुरू झाली. २०२० मध्ये ती संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या चंडीगडच्या नव्या संस्थेत विलीन झाली. डोंगरात बसवलेल्या वेधशाळांच्या नोंदींवरून ही संस्था हिमस्खलनाचे अंदाज देते आणि राज्यांच्या आपत्ती व्यवस्थापन यंत्रणा ते जाहीर करतात. अमुक जिल्ह्यात अमुक उंचीच्या वर धोका, असा त्याचा मसुदा असतो. वर्तमानपत्रात तो आपण 'बातमी' म्हणून वाचतो. तो आपल्याला उद्देशून लिहिलेला असतो, हे ध्यानात येत नाही. जगात बहुतेक ठिकाणी धोक्याच्या पाच पायऱ्या मानतात आणि युरोप-अमेरिकेतला अनुभव असा, की सर्वाधिक माणसे तिसऱ्या पायरीवर मरतात. चौथ्या-पाचव्या पायरीला लोक घरी बसतात. तिसरीला 'मधलाच तर धोका आहे' म्हणून निघतात.

दुसरी गोष्ट, डोंगर स्वतः सांगत असतो ते ऐकावे. आसपासच्या उतारांवर नुकतेच कोसळल्याच्या ताज्या खुणा दिसतात का? पाऊल टाकल्यावर बर्फाखालून 'धप्प' असा पोकळ आवाज येऊन बर्फ खचल्यासारखा वाटतो का? पायापासून लांबवर भेगा धावत जातात का? एका दिवसात फूटभर किंवा जास्त बर्फ पडला का, जोराचा वारा सुटला का, एकाएकी उकडू लागले किंवा बर्फावर पाऊस पडला का? यांतले एक जरी उत्तर 'होय' असले, तरी मागे वळायला तेवढे पुरते. आवाज झाला आणि काही घडले नाही, म्हणून पुढे जाणाऱ्याचे नशीब चांगले एवढेच, पुढच्या पावलाला ते पुरेलच असे नाही.

तिसरी गोष्ट, वाट निवडावी. घळीच्या तोंडाशी, उभ्या उताराच्या पायथ्याशी थांबू नये. तिथे डबा खायला बसू नये, तंबू तर मुळीच ठोकू नये. आपण उभे आहोत ती जागा सपाट असली, तरी वरून येणारा लोंढा ते पाहत नाही. रुंद धारेवरून, छज्जापासून बराच आत राहून, किंवा दाट झाडीतून चालावे. ज्या झाडीत मधोमध मोकळा पट्टा दिसतो, किंवा झाडांच्या एकाच अंगाच्या फांद्या मोडलेल्या असतात, तिथून बर्फ नेहमीच जात असतो. दिवसाचे चालणे पहाटे सुरू करून ऊन तापायच्या आत संपवावे.

चौथी गोष्ट, धोक्याचा उतार ओलांडण्यावाचून गत्यंतर नसेल, तर एकेकट्याने ओलांडावा. बाकीच्यांनी सुरक्षित जागी उभे राहून त्याच्यावर नजर ठेवावी. पाठपिशवीचे पट्टे सैल करावेत, हातातल्या काठ्यांच्या वाद्या मनगटातून काढाव्यात, नाकातोंडावर कापड बांधावे. घोळक्याने, गप्पा मारत, एकमेकांचे फोटो काढत उतार ओलांडणे म्हणजे ओझेही वाढवणे आणि सोडवायला बाहेर कोणी न ठेवणे.

पाचवी गोष्ट साधनांची. पूर्वी बर्फात चालणारे कमरेला लांब लाल दोरी बांधून ती मागे सोडत, म्हणजे माणूस गाडला गेला तरी दोरीचे टोक वर राहण्याची आशा असे. आता अंगावर बांधायचे छोटे रेडिओयंत्र मिळते. जगभर ती सगळी एकाच कंपनसंख्येवर, ४५७ किलोहर्ट्‌झवर, चालतात. गाडलेल्याचे यंत्र संदेश सोडते, शोधणाऱ्याचे तो पकडते. त्यासोबत घडीची लांब टोचणी आणि फावडे. ही तिन्ही प्रत्येकाजवळ हवीत आणि ती वापरण्याचा सराव हवा. यंत्र एकाकडे आणि फावडे तळावर, याला काही अर्थ नाही. तेव्हा हिवाळी ट्रेक नेणाऱ्या मंडळींना पैसे भरण्यापूर्वी एवढे विचारावे: ही साधने प्रत्येकाला देता का? सराव करून घेता का? आणि हिमवृष्टी झाली, तर परत फिरण्याचा निर्णय कोण घेतो?

आणि तरीही सापडलोच तर? ओरडून सोबत्यांना सावध करावे, लोंढ्याच्या कडेला निसटण्याची धडपड करावी, वर राहण्यासाठी हातपाय मारावेत आणि वेग मंदावू लागताच दोन्ही हात चेहऱ्यापुढे आणून जमेल तेवढी पोकळी करावी. बाहेर असलेल्यांनी माणूस शेवटचा दिसला ती जागा डोळ्यांत पक्की धरावी आणि मदत आणायला पळत सुटण्याऐवजी तिथून खालच्या बाजूला शोध सुरू करावा. ती पहिली दहा-पंधरा मिनिटे त्यांच्याच हातात असतात.

ज्याला थांबता येते

या सगळ्या नियमांचा अर्क काढला, तर एक शब्द उरतो: थांबा. बर्फ पडला, थांबा. बर्फ थांबला, तरीही एक-दोन दिवस थांबा. आणि इथेच जवानात आणि आपल्यात फरक पडतो. सीमेवरच्या तुकडीला हे सारे नियम आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असतात. पहाटे निघणे, अंतर ठेवून चालणे, इशारा ऐकणे हे त्यांच्या शिक्षणातच असते. पण चौकी रिकामी ठेवता येत नाही, गस्त आठवडाभर पुढे ढकलता येत नाही, वरच्या माणसांना रसद पोहोचवावीच लागते. पहिल्या महायुद्धात, डिसेंबर १९१६ मध्ये, आल्प्सच्या मार्मोलाडा पर्वतावर एका ऑस्ट्रियन तळावर बर्फ कोसळून सुमारे २७० सैनिक एका पहाटे गेले. ७ एप्रिल २०१२ रोजी सियाचीनच्या पलीकडच्या अंगाला गयारी इथे पाकिस्तानचे १४० जण गाडले गेले. गणवेश कोणताही असो, जिथे माणसाला बर्फाच्या वेळेनुसार नव्हे तर हुकमाच्या वेळेनुसार राहावे लागते, तिथे हे घडत आले आहे.

पर्यटकाला कोणाचा हुकूम नसतो. त्याच्यावर असतो तो परतीच्या आरक्षणाचा दाब, सोमवारी कामावर हजर व्हायची घाई, भरलेल्या पैशांची चुटपुट, आणि 'इतक्या लांब आलो आणि बर्फ न पाहताच परत?' हा घरच्यांचा प्रश्न. स्थानिक गाडीवाला "साहब, आज नहीं" म्हणतो, तेव्हा तो जास्त पैशांसाठी अडून बसला आहे अशी शंका आपल्याला येते. आपण दुसरा गाडीवाला शोधतो. कधीकधी तो मिळतोही.

म्हणून यंदा हिवाळ्यात उत्तरेकडे निघताना सामानाच्या यादीत स्वेटर-मोज्यांच्या जोडीला दोन मोकळे दिवस लिहून ठेवावेत. परतीचे तिकीट दोन दिवस उशिराचे काढावे. त्या दिवसांत कदाचित काहीच करता येणार नाही. खोलीत बसून चहा प्यावा, खिडकीतून डोंगर पाहावा, मुलांना सांगावे की बर्फ अजून बसतो आहे, त्याला बसू द्या. उतार स्थिर झाले, रस्ता रीतसर उघडला, की मग जावे. डोंगर कुठे जात नाही.

इकडे परभणीत त्या दिवसांत पारा उतरलेला असेल. शेकोटीभोवती कोणी तरी म्हणेल, "उत्तरेत बर्फ पडलाय." यापुढे ते वाक्य ऐकले, की माछिलच्या त्या वाटेची आठवण व्हावी. बालाजी अंभोरे यांना थांबता येत नव्हते. आपल्याला येते.